द्राक्षातली साखर गेली कुठे?

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक जुने ओळखीचे गृहस्थ आले. वय साठीच्या पुढे, दहा-बारा वर्षांपासूनचा मधुमेह, गोळ्या नियमित चालू. तपासणी झाली, रिपोर्ट पाहून झाला आणि उठता उठता त्यांनी आवाज जरा खाली घेऊन विचारले, "डॉक्टरसाहेब, जावईबापूंनी नाशिकहून वाइनची बाटली आणली आहे. ते म्हणतात, ही काही दारू नव्हे, द्राक्षाचाच रस आहे, हृदयाला उलट चांगला. मला फक्त एवढेच सांगा, हिच्यात साखर किती असते?"

मी म्हटले, "साखर जवळजवळ नसतेच."

गृहस्थांचा चेहरा खुलला. "पण," मी पुढे म्हटले, "रसात होती ती साखर गेली कुठे, हे आधी ऐका आणि मग बाटलीचे काय करायचे ते ठरवा." बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे बोलणे अर्धवटच राहिले. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय जाहीर केला होता. त्यावर बराच वाद झाला आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य तेव्हा गावोगावच्या पारावर ऐकू आले. ते खरे की खोटे, हे वादाने ठरणार नाही. द्राक्षाच्या रसात यीस्ट नावाचा जीव नेमके काय करतो हे समजले की ते आपोआप ठरते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

रसात काय असते?

वाइनसाठी पिकवलेल्या द्राक्षांच्या एक लिटर रसात साधारण २०० ते २४० ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे चाळीस-पंचेचाळीस चमचे. ही साखर दोन प्रकारची असते. जवळपास अर्धी ग्लुकोज, म्हणजे रक्त तपासताना आपण जी मोजतो ती, आणि अर्धी फ्रुक्टोज, म्हणजे फळांतील साखर. शिवाय रसात टार्टारिक आणि मॅलिक ही आम्ले, थोडी अमिनो आम्ले, क्षार आणि जीवनसत्त्वे असतात. रस इतका आंबट असतो की रोग पसरवणारे बहुतेक जंतू त्यात तग धरू शकत नाहीत. यीस्टला मात्र हा आंबटपणा मानवतो.

यीस्ट ही एकाच पेशीची बुरशी आहे. तिच्या शंभर-दीडशे पेशी एका ओळीत ठेवल्या तर कुठे एक मिलिमीटर भरेल. वाइन तयार करणाऱ्या मुख्य यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. बेकरीत पावाचे पीठ फुगवते तीही हीच. पावातही अल्कोहोल तयार होते, पण भट्टीत ते जवळजवळ सगळे उडून जाते. वाइनमध्ये ते तसेच राहते.

द्राक्षाच्या सालीवर जो पांढुरका थर दिसतो, त्यालाच अनेकजण यीस्ट समजतात. तो थर मेणासारख्या पदार्थाचा असतो. सालीवर यीस्टच्या वेगवेगळ्या जाती असतात हे खरे, पण त्यांत सॅकरोमायसिस फारच थोडी सापडते. रस आपोआप आंबू दिला तर सुरुवात दुसऱ्याच जाती करतात. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर गेले की त्यांतल्या बहुतेक दम सोडतात आणि मैदान सॅकरोमायसिसच्या हाती येते. आजच्या बहुतेक कारखान्यांत अशी वाट पाहत नाहीत. निवडलेले सुके यीस्टच रसात घालतात.

रस आंबतो म्हणजे काय होते, हे कोडे सोडवायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. फ्रान्समध्ये लाव्हॉझिए यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात आंबण्याआधीची साखर आणि नंतरचे पदार्थ यांच्या वजनांचा हिशेब मांडला. पुढे लुई पाश्चर यांनी १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिले की हे काम जिवंत यीस्ट करते. १८९७ मध्ये जर्मनीत एदुआर्द बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून तिचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी त्यात साखर घालताच बुडबुडे येऊ लागले. म्हणजे काम यीस्टचे, पण करणारी हत्यारे तिच्या पोटातली रसायने, ज्यांना आपण विकर किंवा एन्झाइम म्हणतो. या शोधाबद्दल बुखनर यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

साखरेचा प्रवास

आता यीस्टच्या पोटात शिरू. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू असतात. यीस्ट एकामागून एक अशा दहा पायऱ्यांनी त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करते. या तुकड्याला पायरुविक आम्ल म्हणतात. या दहा पायऱ्यांच्या हिशेबात तिच्या पदरात निव्वळ दोन एटीपी पडतात. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारातले ऊर्जेचे नाणे. पायरुविक आम्लापर्यंतचा हा सगळा रस्ता आपल्या स्नायूंतही जसाच्या तसा आहे. चपाती खाल्ली की तिच्यातली साखर याच रस्त्याने जाते.

पण वाटेत एक अडचण येते. साखर तोडताना हायड्रोजन मोकळा होतो आणि तो वाहून नेण्यासाठी पेशीत एनएडी नावाचा एक पदार्थ असतो. बी-३ या जीवनसत्त्वापासून तो तयार होतो. एनएडी म्हणजे मळ्यातले क्रेट समजा. क्रेट भरून बाजार समितीत गेले आणि तिथून रिकामे होऊन परतच आले नाहीत, तर शेतात माल कितीही तयार असो, तोडणी थांबते. पेशीचेही तसेच आहे. एनएडीचा साठा अगदी थोडा असतो. त्यावरचा हायड्रोजन कुठेतरी उतरवलाच पाहिजे, नाहीतर साखर तुटणे बंद आणि पेशी उपाशी.

हवा भरपूर असेल तर आपल्या पेशी हा हायड्रोजन शेवटी प्राणवायूवर उतरवतात, त्याचे पाणी होते आणि कितीतरी पट जास्त ऊर्जा मिळते. प्राणवायू कमी पडला, उदाहरणार्थ जिवाच्या आकांताने धावताना, तर स्नायू तो पायरुविक आम्लावरच उतरवतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. दुधाचे दही करणारे जंतूही हेच करतात.

यीस्टने वेगळी वाट काढली आहे. ती आधी पायरुविक आम्लातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपात सोडून देते. हे काम करणाऱ्या विकराला बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, लागते. उरतो दोन कार्बनचा ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ. त्यावर यीस्ट क्रेटमधला हायड्रोजन उतरवते. क्रेट रिकामे होतात, पुन्हा कामाला लागतात, आणि ॲसिटाल्डिहाइडचे होते इथाइल अल्कोहोल, म्हणजेच मद्यार्क. या शेवटच्या पायरीच्या विकराचे नाव अल्कोहोल डिहायड्रोजनेज. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

तर साखर गेली ती अशी. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. प्रत्यक्षात थोडी साखर यीस्टचे स्वतःचे शरीर वाढवण्यात आणि ग्लिसरॉल, सक्सिनिक आम्ल असे पदार्थ तयार होण्यात खर्च होते. त्यामुळे लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल वाढते. २२० ग्रॅम साखरेच्या रसाची वाइन जवळपास १३ टक्क्यांची का होते, ते यावरून कळेल. अशा वाइनच्या लिटरमध्ये शेवटी दोन-चार ग्रॅमच साखर उरते. गोड वाइनचे प्रकार वेगळे असतात. त्यांत साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते.

इथे एक गंमत आहे. भरपूर साखर असेल तेव्हा ही यीस्ट हवा असूनही अल्कोहोलच तयार करते. हा तोट्याचा व्यवहार दिसतो, पण तसा तो नाही. अल्कोहोल हे जंतूंना विष आहे. साखर झटपट संपवायची, आजूबाजूच्या स्पर्धकांना त्या विषाने मारायचे आणि मागाहून हवा मिळाली की तेच अल्कोहोल अन्न म्हणून वापरायचे, असा तिचा डाव असतो. हे अल्कोहोल वाढत गेले की शेवटी तिच्या स्वतःच्या पेशीचे आवरणही खिळखिळे होते. साधारण १४ ते १६ टक्क्यांपर्यंत बहुतेक यीस्ट थकतात. म्हणून नुसत्या आंबवण्याने याहून फार कडक पेय होत नाही. व्हिस्की किंवा ब्रँडीसाठी अर्क गाळावाच लागतो. सांगायचे एवढेच की अल्कोहोल यीस्टने आपल्या आरोग्यासाठी तयार केलेले नसते. तो तिच्या पोटातून बाहेर टाकलेला पदार्थ असतो आणि शत्रू मारण्याचे हत्यारही.

वास, उष्णता आणि डीएपी

नुसते अल्कोहोल आणि पाणी म्हणजे वाइन नव्हे. यीस्टच्या कामातून शेकडो पदार्थ किंचित प्रमाणात तयार होतात. काही आम्ले आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर होतात. त्यांतल्या एकाला चक्क पिकलेल्या केळ्याचा वास येतो. अमिनो आम्लांपासून जड अल्कोहोले तयार होतात.

यीस्टला वाढण्यासाठी नायट्रोजन लागतो. तो कमी पडला की काही वेळा सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तेव्हा कारखान्यात अमोनियम फॉस्फेट घालतात. शेतकरी वाचकांना ते डीएपी या नावाने चांगले माहीत आहे. फरक इतकाच की कारखान्यात वापरायचे ते खाद्यपदार्थांच्या दर्जाचे असते. पीक काय आणि यीस्ट काय, दोघांची भूक सारखीच.

आंबताना उष्णताही निर्माण होते. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांचा हंगाम हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि ऊन तापू लागते तसा पुढे सरकतो. टाकीतला रस पस्तीस अंशांच्या वर गेला तर यीस्ट मरू लागते आणि आंबणे मध्येच अडते. म्हणून पोलादी टाक्यांच्या भोवती थंड पाणी किंवा द्रव खेळवतात. पांढऱ्या वाइनचा रस साधारण १२ ते १८ अंशांवर, तर लाल वाइनचा २० ते ३० अंशांवर आंबवतात. वाइन खराब होऊ नये म्हणून सल्फर डायऑक्साइड घालतात आणि थोडा यीस्टही तयार करते. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. बाटलीवर सल्फाइट असा उल्लेख असतो, तो वाचावा.

डोळ्यांना न दिसणारा धोका

साखरेचा जो दुसरा अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड झाला, त्याचाही विचार केला पाहिजे. एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरहून अधिक वायू सुटतो. पाच हजार लिटरच्या टाकीतून किती सुटत असेल याचा अंदाज करा. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. त्याला रंग नाही. तो उडून न जाता टाकीच्या तळाशी आणि तळघरात साचतो. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेले की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. त्याहून जास्त असेल तर दोन-चार श्वासही पुरतात. म्हणून वाइनच्या रिकाम्या टाकीत हवा तपासल्याशिवाय कोणालाही उतरू देत नाहीत.

टाकी कारखान्यातली, आपला काय संबंध, असे म्हणू नका. आपल्याकडे जुनी बंद विहीर, धान्याचे किंवा हळदीचे पेव, सेप्टिक टँक, मळीची टाकी यांत हाच प्रकार घडतो. कुठे कार्बन डायऑक्साइड, कुठे हायड्रोजन सल्फाइड, तर कुठे प्राणवायूच संपलेला. एकजण उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. अशा बातम्यांत मृतांची संख्या दोन-तीन असते ती यामुळेच. पूर्वी लोक कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरू नये हे बरोबर, पण कंदील जळतो आहे म्हणून हवा निर्धोक आहे असे मात्र नाही. शिवाय आत पेट घेणारा वायू असेल तर कंदिलाने स्फोटही होऊ शकतो. कोणी आत पडला तर मागोमाग उडी घेऊ नका. अग्निशामक दलाला बोलवा, पंख्याने किंवा ब्लोअरने बाहेरून हवा सोडा, आणि श्वासाचे साधन व कमरेला दोर असल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका.

घरी बरणीत वाइन घालणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. आंबणे पूर्ण होण्याआधी काचेच्या बाटलीचे बूच घट्ट बसवले तर वायूच्या दाबाने बाटली फुटते आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको.

यकृतात उलटा प्रवास

आता पेल्यातली वाइन पोटात गेली असे समजू. ती बहुतेक यकृताकडे येते. यकृताला अल्कोहोल साठवता येत नाही, ते मोडावेच लागते. ते मोडणारे मुख्य विकर कोणते? मघाचेच अल्कोहोल डिहायड्रोजनेज! यीस्टने जी शेवटची पायरी चढली, तीच आपले यकृत पहिली म्हणून उलटी उतरते. यीस्टने ॲसिटाल्डिहाइडचे अल्कोहोल केले, आपण अल्कोहोलचे पुन्हा ॲसिटाल्डिहाइड करतो. म्हणजे यीस्टने जे विष निस्तरले, ते आपण आपल्या शरीरात पुन्हा जिवंत करतो. त्यानंतर दुसरे एक विकर त्याचे ॲसिटिक आम्लाच्या जातीच्या निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. पण तेवढ्या वेळात ॲसिटाल्डिहाइड पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा करू शकते. अल्कोहोलमुळे कर्करोग होण्यामागचे हे एक प्रमुख कारण आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. त्यात वाइनला वेगळी सवलत नाही.

सवलत का नाही, ते आता स्पष्ट व्हावे. वाइनमधले अल्कोहोल आणि देशी दारूतले अल्कोहोल हे एकाच रेणूचे आहे. द्राक्षातून आले, उसाच्या मळीतून आले की मोहाच्या फुलातून, यकृताला ते कळत नाही. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. तेवढेच व्हिस्कीच्या दीड लहान पेगमध्ये, म्हणजे ४५ मिलिलिटरमध्ये असते. ७५० मिलिलिटरची पूर्ण बाटली म्हणजे सात-आठ लहान पेग. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच अल्कोहोल मोडते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

मधुमेहींनी हे जरूर वाचावे

क्रेटचे उदाहरण पुन्हा आठवा. अल्कोहोल मोडताना यकृतातले एनएडीचे क्रेट हायड्रोजनने भरून जातात. मग यकृताच्या इतर कामांना रिकामे क्रेट मिळत नाहीत. त्यांतले एक महत्त्वाचे काम म्हणजे उपाशी असताना रक्तासाठी नवी साखर तयार करणे. एरवी रात्री आपण झोपेत असतो तेव्हाही यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत असते. अल्कोहोल पोटात असेल तर नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते. त्यात इन्सुलिन घेतलेले असेल किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि जेवण नीट झालेले नसेल, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. हे पिताक्षणी होत नाही. कित्येक तासांनी, पहाटेसुद्धा होते.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. साखर उतरलेला माणूस घाम फुटून बरळतो, अडखळतो, चिडतो, गुंगीत जातो. तोंडाला वास येत असतो. घरचे म्हणतात, "चढली आहे, झोपू द्या." तो झोपेतून उठतच नाही. मधुमेही माणूस मद्य प्यायल्यावर असा वागू लागला तर आधी साखर तपासा. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्या. म्हणजे आमच्या गृहस्थांना ज्या साखरेची भीती वाटत होती ती वाइनमध्ये नव्हती हे खरे. खरी भीती साखर वाढण्याची नव्हती, ती एकाएकी उतरण्याची होती.

क्रेट अडकल्याचे आणखीही परिणाम आहेत. चरबी जाळण्याचे काम मागे पडते आणि ती यकृतातच साठू लागते. लॅक्टिक आम्ल वाढते आणि त्यामुळे मूत्रपिंडांतून युरिक आम्ल बाहेर पडण्यात अडथळा येतो. संधिवाताच्या ज्या प्रकारात अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन ठणकतो, त्या रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममागे सात कॅलरी मिळतात, म्हणजे साखरेच्या जवळजवळ पावणेदोनपट. साखर गेली म्हणून वजन वाढणार नाही, हा समज चुकीचा आहे.

यीस्टला लागणारे बी-१ जीवनसत्त्व आपल्यालाही पायरुविक आम्लाचा पुढचा टप्पा गाठण्यासाठी लागते. सतत पिणाऱ्यांचे जेवण तुटते, आतड्यातून हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि मेंदूला इजा होते. डोळे फिरणे, तोल जाणे, भ्रम होणे ही त्याची लक्षणे. गंमत पाहा, यीस्टच्या शरीरात हे जीवनसत्त्व भरपूर असते, पण गाळून स्वच्छ केलेल्या वाइनमध्ये ते नावापुरतेच उरते.

मग हृदयाचे काय?

१९९२ मध्ये फ्रेंच लोकांच्या हृदयविकाराविषयीचा एक लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि लाल वाइन हृदयाला चांगली अशी हवा झाली. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल या पदार्थाला त्याचे श्रेय दिले गेले. पण लाल वाइनच्या लिटरमध्ये तो काही मिलिग्रॅमच असतो. प्रयोगशाळेत ज्या मात्रेचे परिणाम दिसले, तेवढा मिळवायचा तर माणूस आधी अल्कोहोलनेच आडवा होईल. पुढे हेही लक्षात आले की अनेक जुन्या पाहण्यांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारामुळे दारू सोडलेले लोक होते, त्यामुळे बेताने पिणारे उगाचच निरोगी वाटले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. द्राक्षाचे गुण हवे असतील तर द्राक्षे खावीत. मधुमेहींनी तीही मोजून.

दोन शंका

पहिली शंका विषारी दारूची. मिथाइल अल्कोहोल यीस्ट साखरेपासून तयार करत नाही. ते फळातील पेक्टिनपासून अत्यल्प प्रमाणात येते. हातभट्टीत माणसे मरतात ती बहुधा कारखान्यातले मिथाइल अल्कोहोल तिच्यात मिसळल्यामुळे. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. तेच विकर मिथाइल अल्कोहोलचे फॉर्माल्डिहाइड करते, त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्यांची नस जळते. प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

दुसरी शंका द्राक्षासवाची. आसवे आणि अरिष्टे ही औषधेही आंबवूनच तयार होतात. धायटीच्या फुलांच्या साहाय्याने त्यांत काही टक्के अल्कोहोल आपोआप निर्माण होते. बाटलीवर तसे लिहिलेले असते. सांगितलेल्या मात्रेत ते थोडेच पोटात जाते. पण दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम गोळी घेणाऱ्यांनी ती आसवे टाळावीत. ही गोळी ॲसिटाल्डिहाइड पुढे मोडूच देत नाही. मग चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणे असा त्रास थोड्याशा अल्कोहोलनेही होऊ शकतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

• रसातल्या साखरेपैकी जवळजवळ अर्धी अल्कोहोल होते, अर्धी वायू.
• दीडशे मिलिलिटर वाइन म्हणजे व्हिस्कीचे दीड लहान पेग.
• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशीपोटी मद्य म्हणजे साखर उतरण्याचे संकट.
• गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे आणि वाहन चालवणारे यांनी वाइनसुद्धा घेऊ नये.
• न पिणाऱ्याने 'औषध' म्हणून सुरुवात करू नये.
• टाकीत, पेवात, विहिरीत पडलेल्याच्या मागे उडी मारू नये.

मागच्या सोमवारी ते गृहस्थ पुन्हा आले. राहिलेली गोष्ट मी त्यांना सांगितली. शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे डॉक्टरसाहेब, यीस्टने जे बाहेर टाकले ते माझ्या यकृताने निस्तरायचे, असेच ना?" याहून सोप्या शब्दांत मलाही सांगता आले नसते. बाटलीचे काय केलेत, असे मी विचारले. ते हसून म्हणाले, "जावईबापूंनाच परत दिली. आणि त्यांना तुमच्याकडे तपासणीला पाठवतो म्हटले आहे."